क्लेमच्या फाटकावरच्या रिकाम्या बाटल्या

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास क्लेम नॅनकिव्हेल पायजम्यावरच फाटकापाशी आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तीन खोकी. काल संध्याकाळी त्याने स्वतः पाहिलं होतं, तेव्हा फाटकाशी चिटपाखरू नव्हतं. चोर येऊन घरातलं नेतात. पोर्ट ॲशबर्नची माणसं चोरपावलांनी येतात आणि आणून ठेवतात. छत्तीस रिकाम्या बाटल्या, तपकिरी, लांब मानेच्या, सगळ्या आ वासून क्लेमकडे बघणाऱ्या.

"या बायांनो," क्लेम म्हणाला. "या, तुमचीच वाट बघत होतो."

बहात्तरीचा माणूस. चाळीस वर्षं गावातल्या शिशाच्या भट्टीवर काढली आणि उजवा खांदा तिथेच ठेवून आला. आता तो हात खांद्याच्या वर जात नव्हता. भांग डाव्या हाताने पाडायचा, म्हणून तो वाकडा पडायचा, आणि म्हातारपणी हा कुणासाठी असा वाकडा भांग पाडतो म्हणून क्लबातल्या बायका हसायच्या. क्लेम हसू द्यायचा. त्याला आयुष्यात आता फार काही नको होतं. एक मोकळा रविवार हवा होता, पुरे. सकाळी उठायचं नाही, बाटली धुवायची नाही, पिंप लावायचं नाही. पडून राहायचं आणि छताकडे बघायचं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तो दोन वर्षं झुरत होता आणि त्याला ती मिळत नव्हती, कारण ती मागायची कुणाकडे हेच त्याला कळत नव्हतं.

घरी बिअर करणं ही तशी काही विद्या नव्हे. दुकानातून डबा आणायचा. त्यात काकवीसारखा काळा, घट्ट पाक असतो. तो गरम पाण्यात साखरेबरोबर विरघळवायचा, पिंपात ओतायचा, खुणेपर्यंत गार पाणी घालायचं, वर यीस्ट भुरभुरवायचं आणि झाकण लावायचं. आठवडाभर पिंप आपल्याशीच बुडबुड करत बसतं. मग बाटल्या भरायच्या, प्रत्येकीत चमचाभर साखर, वर पत्र्याचं बूच, बूच बसवायच्या यंत्राचा दांडा दाबला की काम झालं. एका पिंपात तीस बाटल्या. डब्यावर लिहिलेलं असतं की हे कुणालाही जमेल. जमतंही. फक्त बाटल्या धुण्याबद्दल डब्यावर एकच ओळ असते, आणि माणसाचा सगळा जन्म त्या एका ओळीत जातो.

क्लेमच्या बिअरचा गावात रिवाज ठरलेला होता. पैसे नाहीत, आभारही नाहीत. भरलेली न्यायची, रिकामी आणून ठेवायची. शक्य तर पाण्याने खळबळून. ती आली कशी, यावरून घर कळतं. रॉस हॉकिंगने सिगारेट सोडली असं त्याची बायको दुकानात सगळ्यांना सांगत होती, तेव्हा त्याच्या बाटल्यांतून क्लेम चिमट्याने थोटकं काढत होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस हार्टनेल औषधापुरत्या दोन न्यायच्या आणि सहा परत आणायच्या. वरच्या चार कुणाच्या घरी बसून रिकाम्या व्हायच्या हे गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. क्लेमने यातलं अक्षर कधी बाहेर काढलं नाही. म्हणूनच त्याच्याकडे बाटल्या ठेवायला लोकांना संकोच वाटत नसे. पाद्र्यापाशी पाप सांगावं लागतं. क्लेमच्या फाटकावर नुसतं ठेवून जायचं.

आणि अलीकडे लोक सुधारले होते म्हणावं तर हो, सुधारले होते. गेल्या पाच-सहा वर्षांत बाटल्या कशा लख्ख येत होत्या. थोटकं नाहीत, राख नाही, तळाशी सुकलेला गाळ नाही. चार-चार दिवसांत परत. क्लेमला याचं कौतुक होतं. "गावाला वळण लागलं," असं तो मनाशी म्हणायचा, आणि तरीही प्रत्येक बाटली धुवायचा, कारण तीस वर्षांची सवय.

ही सवय लावली मर्लने, त्याच्या बायकोने. एकोणऐंशी साली फादर्स डेला तिने त्याला हे पिंप आणि पहिला डबा आणून दिला होता. तिचा हिशेब सरळ होता: नवरा शनिवारी क्लबात जाऊन पितो आणि रस्त्याने गात येतो, त्यापेक्षा घरी करू दे, घरी गाऊ दे. गाणं काही सुधारलं नाही, पण बिअर अशी जमली की महिन्याभरात फाटकाशी लोक रेंगाळायला लागले. पिंप घराच्या दक्षिणेकडच्या, कधी ऊन न येणाऱ्या, कपडे धुवायच्या खोलीत असे. मर्ल कपडे धुई, क्लेम शेजारी स्टुलावर बसून बाटल्या घाशी, आणि दोघं मिळून गावाची सालटी काढीत. मर्लची जीभ तिखट होती. "हॉकिंगची बाटली आण इकडे," ती म्हणायची, "बघू आज त्याने काय काय सोडलंय."

सहा वर्षांपूर्वी मर्ल गेली. पुरून आले त्या आठवड्यात लोक फाटकाशी येत आणि तोंडातून शब्द फुटेना, मग हातातली रिकामी बाटली पुढे करत. क्लेमलाही शब्द फुटत नव्हते. तो बाटली घेई. असं करता करता चाळीस बाटल्या जमल्या. रिकाम्या बाटल्या घरात ठेवून काय करायचं? त्याने डबा आणला. फक्त त्या खोलीत एकट्याने बसायला त्याचं मन होईना, म्हणून पिंप मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तेव्हापासून दर रविवारी एक पिंप बाटल्यांत उतरायचं आणि दुसरं लागायचं. स्वतः तो पीत नव्हता. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, आणि नाहीतरी एकट्याने बाटली उघडायची म्हणजे अर्धी टाकायचीच.

तर त्या रविवारी तो तीन खोक्यांकडे बघत उभा असताना ग्वेंडा ट्रिझाइजची गाडी येऊन थांबली. बोल्स क्लबची सेक्रेटरी. क्लबाच्या हिरवळीवर चेंडू कमी आणि ग्वेंडाचे शब्द जास्त घरंगळतात, असं म्हणतात. तिने डिकी उघडली आणि चौथं खोकं काढलं.

"अगंबाई, उठलास होय! मला वाटलं झोपला असशील, म्हणून गुपचूप ठेवत होते."

"ग्वेंडा, जरा थांब. बोलायचंय."

"बोल. पण चटकन बोल, गाडीत क्रीमचा केक आहे आणि आज त्रेचाळीस डिग्री सांगितलंय."

"मी आता बंद करावं म्हणतो."

"काय बंद? चर्चला तर तू येतच नाहीस."

"बिअर. खांदा चालत नाही गं. दांडा दाबला की रात्रभर ठणका लागतो."

ग्वेंडाचा चेहरा क्षणभर उजळल्यासारखा वाटला. पण समोरून ऊन येत होतं, क्लेमने डोळे बारीक केले. मग तिने खोकं खाली ठेवलं आणि त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवला.

"आणि मग करशील काय?"

"काही नाही."

"तेच तर म्हणते मी! काही नाही म्हणजे काय? दिवसभर पडदे लावून बसशील. जेवशील कधी, कोणाला दिसशील कधी? काही बंदबिंद करायचं नाही. उलट मार्चमध्ये क्लबाची पंच्याहत्तरी आहे, आपल्या चाळीस बाटल्या धरल्यात मी."

"ग्वेंडा—"

"चाळीस. कार्डावर छापलंय, 'क्लेमची बिअर'. आता खांद्याला तेल लाव आणि आत जा, पायजम्याला मागे भोक आहे."

गाडी गेली. क्लेमने मागे हात लावून पाहिलं. भोक होतं.

बाटल्या घासता घासता त्याच्या डोक्यात तो विचार आला. आयुष्यात इतका वाकडा विचार त्याने कधी केला नव्हता. सगळा वाकडेपणा भांगात गेला होता. पण चाळीसावी बाटली घासताना माणसाच्या डोक्यात काहीही येतं. आपल्याला 'नाही' म्हणता येत नाही ना? मग त्यांनाच 'नको' म्हणायला लावायचं. एक पिंप असं बिघडवायचं की पिणाऱ्याने कानाला खडा लावला पाहिजे. म्हातारा झाला बिचारा, हात गेला त्याचा, असं म्हणतील आणि आपोआप खोकी यायची थांबतील. कोणाचं मन मोडलं नाही, कोणाशी भांडण नाही.

त्याने मग जीव लावून वाईट काम केलं. पिंप धुतलंच नाही, नुसता पाइपने शिडकावा मारला. फडताळाच्या मागे पडलेलं, तारीख उलटून गेलेलं यीस्ट टाकलं. ढवळायला फावड्याचा दांडा घेतला. पिंप शेडच्या पश्चिमेच्या पत्र्याला चिकटवून ठेवलं, जिथे दुपारी हात लावला तर फोड येईल, आणि झाकण अर्धवट सोडलं. बाटल्याही तशाच भरल्या. हे करताना त्याला लाज वाटत होती. भट्टीवर चाळीस वर्षांत त्याने एक पाळी कधी अंगचोरपणे केली नव्हती. आणि वाईट काम करायलाही चांगल्याइतकाच घाम गाळावा लागतो, खांदा तेवढाच ठणकतो, हे त्याला या वयात कळायचं होतं.

दोन आठवड्यांनी त्याने वाटप केलं. पहिली बाटली रॉस हॉकिंगला, त्याच्याच ओसरीवर, तिथेच उघडायला लावून.

"आत्ता?" रॉस म्हणाला. "सकाळचे दहा वाजलेत."

"नवीन पिंप आहे. चव बघ."

रॉसने ग्लासात ओतली. वास क्लेमपर्यंत आला: पिकून काळं पडलेलं केळं, नेलपॉलिश, आणि मागून भिजलेला पुठ्ठा. रॉसने घोट घेतला. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि बराच वेळ खाली येईना. डोळ्यांत पाणी तरारलं.

"कशी आहे?"

"नेहमीसारखीच!" रॉस म्हणाला. "मस्त. बाकीची दुपारी निवांत घेईन म्हणतो."

मिस हार्टनेलनी पहिल्या घोटानंतर रुमाल तोंडाला लावला आणि रुमालातूनच म्हणाल्या, "अगदी तुमच्या हातची हो. चुकणार नाही." क्लबातल्या खजिनदाराने "उतरते की घशाखाली" असं प्रमाणपत्र दिलं. ग्वेंडाने तर अर्धा ग्लास सरळ पोटात घातला, डोळे मिटून, मुलं एरंडेल पितात तसा, आणि म्हणाली, "चाळीस लक्षात आहेत ना?"

आता त्या गावात, खरं म्हणजे त्या सगळ्या किनाऱ्यावर, घरच्या बिअरला तोंडावर वाईट म्हणण्याची पद्धतच नाही. शेजारणीच्या तान्ह्या बाळाला पाळण्यात वाकून कुरूप म्हणावं तसं ते होतं. हे क्लेमलाही जन्मापासून ठाऊक होतं; त्याने स्वतः दुसऱ्यांच्या किती भयंकर बिअरींना "बरी आहे की" म्हटलं होतं. पण आपल्यावर वेळ आली की माणूस विसरतो. तो घरी आला, स्वयंपाकघरात बसला, गोळ्यांची डबी बाजूला सरकवली आणि त्या पिंपातली एक बाटली स्वतः उघडली.

घोट तोंडात गेला आणि तो उठून मोरीपाशी धावला.

मग पुष्कळ वेळ तोंड पुसत बसला. ठीक आहे, लोक भिडस्त आहेत, म्हणून काही बोलले नाहीत. पण 'नेहमीसारखीच' का? आणखी काहीही म्हणता आलं असतं. 'वेगळी आहे जरा' म्हणता आलं असतं. सगळ्यांचा सूर तोच, आणि न अडखळता.

शेडमध्ये दोन महिन्यांपूर्वीची एक बाटली राहिली होती. मनापासून केलेली, पिंप धुऊन, यीस्ट ताजं, सगळं डब्यावर लिहिल्याप्रमाणे. ती त्याने आणली, उघडली, चाखली. मग पहिली पुन्हा चाखली. मग दुसरी. मुद्दाम बिघडवलेली आणि जीव ओतून केलेली, दोघी सख्ख्या बहिणी. एक थोरली, एक धाकटी, एवढाच फरक.

क्लेम दोन्ही ग्लास समोर ठेवून तसाच बसून राहिला. राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात काही लागतं.

गावात भीड न धरणारा एकच माणूस होता, तो म्हणजे पलीकडच्या घरातला कोझिमो. इटलीहून पोरवयात आलेला, जन्मभर खाडीत मासे धरले, आता मागच्या अंगणात टोमॅटो लावायचा आणि द्राक्षांची वाइन करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेम कुंपणातली सैल फळी सरकवून गेला तेव्हा कोझिमोचं अंगण लाल झालं होतं. फेब्रुवारी, म्हणजे तिथला भर उन्हाळा, संपत आला होता, वर्षाचा टोमॅटोचा रस बाटल्यांत भरायचे दिवस. चुलीवर मोठं पातेलं, कोझिमो कोपरापर्यंत लाल, आणि भिंतीशी ओळीने भरलेल्या बाटल्या. तपकिरी, लांब मानेच्या.

क्लेम त्यांच्याकडे बघत राहिला. बाटल्या त्याला ओळखू येणार नाहीत तर कुणाला?

"या माझ्या बाटल्या."

"तुझ्याच," कोझिमो म्हणाला. "काच चांगली आहे."

"गेल्याच आठवड्यात दिल्या होत्या मी. भरलेल्या."

"हो ना."

"बारा होत्या. आठवड्यात बारा प्यायलास?"

कोझिमोने पळी पातेल्यावर आडवी ठेवली. बायको आतून डोकावली, रोझेत्ता, तिने क्लेमचं तोंड पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. यावरून काय ते समजावं.

"बस," कोझिमो म्हणाला.

"उभा बरा आहे."

"बस रे म्हाताऱ्या. मला वर बघून बोलता येत नाही, मान दुखते."

क्लेम उलट्या बादलीवर बसला. "खरं सांग. माझी बिअर कशी असते?"

"कधीची?"

"कधीची म्हणजे?"

"मर्ल होती तेव्हाची, का नंतरची?"

पातेल्यात रस फुटफुटत होता.

"तेव्हाची सोन्यासारखी होती," कोझिमो म्हणाला. "मी वाइनवाला माणूस, पण मीही प्यायचो, आवडीने. नंतरची... गड्या, नंतरची आमच्या लिंबाला घालतो. लिंबं मात्र काय धरलीत बघ." त्याने हात केला. झाड खरंच वाकलं होतं. "ट्रिझाइजकडे गोगलगायींना ठेवतात बशीत. मरतात भराभर. हॉकिंग सॉसेज उकडतो त्यात. म्हणतो, उकळली की वास कमी होतो. ऑर्गनवाली बाई काय करते ते तिलाच माहीत. पण बाटल्या मात्र सगळे धुतात. तुला त्रास नको म्हणून."

तेव्हा क्लेमला त्या लख्ख बाटल्या कळल्या. प्यायलेली बाटली कोण धुतो? ती गाडीत लोळते, ओसरीवर पडते, तिच्यात थोटकं पडतात. बागेत ओतलेली बाटली मात्र, हातात पाइप असतोच, म्हणून धुऊनच परत येते. गावाला वळण लागलं नव्हतं. गाव सहा वर्षं एक थेंबही पीत नव्हतं.

"पण मी काही वेगळं करत नाही," क्लेम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लहान वाटला. "तोच डबा. तेच पिंप. तेवढीच साखर."

"पिंप कुठे ठेवतोस?"

"शेडमध्ये."

"पत्र्याच्या? इथल्या उन्हात?" कोझिमोने कपाळाला लाल हात लावून घेतला. "अरे, तू भट्टीवर गेलास की मर्ल दिवसातून चार वेळा त्या पिंपाभोवती ओले टॉवेल गुंडाळायची. समोर पंखा लावून. आमच्याकडचा पंखा न्यायची उन्हाळ्यात, रोझेत्ता रोज माझ्या नावाने ओरडायची. आणि बाटल्या! तू घासून ठेवायचास आणि झोपायचास, ती सकाळी सोड्याच्या पाण्यात पुन्हा सगळ्या काढायची. एकेक उन्हाकडे धरून बघायची."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर तू तिला करू दिलं असतंस? 'माझी बिअर, माझी बिअर' करत गावभर छाती काढून फिरायचास. तिला मजा वाटायची. रोझेत्ताला म्हणायची, फिरू दे, तेवढा वेळ तरी गाणं थांबतं."

क्लेम हसला. हसण्यासारखं होतंच ते, मर्लचा अगदी तोच सूर. हसू ओठांवर आलं आणि तिथेच बसलं, पुढे कुठे जावं ते त्याला कळेना.

मग तो म्हणाला, "सहा वर्षं. तू तरी सांगायचंस. तू पोपटासारखा बोलणारा माणूस."

"सांगणार होतो. पहिल्याच वर्षी. फाटकाशी आलो होतो सांगायला." कोझिमो पुन्हा ढवळायला लागला, त्याला हात चालू असल्याशिवाय असलं बोलता येत नव्हतं. "तू दार उघडलंस. दाढी वाढलेली, अंगात दोन दिवसांचा शर्ट. माझ्या हातातली बाटली बघून म्हणालास, 'दे, रविवारी भरतो.' आठवड्यातलं तेवढं एकच वाक्य असेल तुझं. काय सांगू मग? ग्वेंडाला विचारलं, ती म्हणाली गप्प बस, तो बाटल्यांसाठी दार उघडतोय ना, उघडू दे. तेव्हापासून वार लावून घेतलेत आम्ही. मंगळवार माझा."

"वार?"

"मग काय? कुणीतरी रोज यायला नको?"

क्लेमने खांदा चोळला. "म्हणजे तुम्ही माझ्यासाठी बाटल्या आणत होता, आणि मी तुमच्यासाठी भरत होतो."

"आणि लिंबं मजेत होती," कोझिमो म्हणाला. "आम्हीही दमलोय रे क्लेम. ग्वेंडाच्या पाठीत उसण भरते ती खोकी उचलून. आता पुरे असं तिला म्हणायचं कोणी?"

"मला नको होतं हे," क्लेम म्हणाला. "दोन वर्षं नकोय मला."

"मग बंद कर की!"

"लोक काय म्हणतील असं वाटायचं."

कोझिमोने पळी उचलून त्याच्याकडे रोखली, आणि रसाचा थेंब क्लेमच्या बुटावर पडला. "लोक," तो म्हणाला, "मेणबत्ती लावतील चर्चमध्ये."

क्लेम तिथूनच क्लबात गेला. अंगावर तोच शर्ट, बुटावर टोमॅटो. ग्वेंडा पंच्याहत्तरीची टेबलं मोजत होती.

"ग्वेंडा, चाळीस बाटल्या येणार नाहीत. चारही येणार नाहीत. पिंप बंद."

"देवा, सुटले!" ग्वेंडाच्या तोंडून निघून गेलं. मग तिने तोंडावर हात ठेवला. मोजलेली टेबलं तिच्या डोक्यातून उडाली. "म्हणजे... अरे क्लेम, तसं नव्हे. म्हणजे खांद्याला आराम पडेल तुझ्या."

"कोझिमोने सांगितलं सगळं."

"त्या मेल्याच्या जिभेला—"

"गोगलगायी किती मरतात?"

ग्वेंडा लाल झाली. मानेपासून वर, हळूहळू. मग खुर्ची ओढून बसली, आणि बसली तेव्हा तीही सत्तरीची आहे हे क्लेमला पहिल्यांदाच नीट दिसलं. "पुष्कळ," ती म्हणाली. "कोबी वाचला आमचा." मग म्हणाली, "तू येशील ना पण पंच्याहत्तरीला? नुसता? कार्डावर नाव छापलंय."

"बसायला मिळेल?"

"खुर्ची राखून ठेवते."

"मग येईन. बोलायला मात्र लावू नका."

"तू बोलतोस कधी?" ग्वेंडा म्हणाली, आणि नाक शिंकरून पुन्हा टेबलं मोजायला उठली.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. रॉस हॉकिंगने ऐकून खेद व्यक्त केला आणि त्याच संध्याकाळी दुकानातून विकतच्या बिअरची दोन खोकी नेली, हे दुकानदारणीने सगळ्यांना सांगितलं. क्लेमने शेडमधलं पिंप अंगणात उपडं केलं. गवत आठवड्यात पिवळं पडलं, यावरून कोझिमोच्या लिंबाचं कौतुकच करायला हवं.

पुढच्या रविवारी सहाला त्याला जाग आली. सवयीने पाय खाली सोडले, सपाता घातल्या, दारापर्यंत गेला. फाटकाशी काही नव्हतं. खोकं नाही, बाटली नाही, नुसता डांबरी रस्ता आणि त्यावर एक मॅगपाय पक्षी. तो थोडा वेळ दारात उभा राहिला. मग परत आत आला, अंथरुणावर पडला आणि छताकडे बघत राहिला. छताला मध्यभागी ओल धरल्याचा एक डाग होता. तो कधीपासून होता कोण जाणे. डाग बघता बघता त्याचा डोळा लागला.

दहाच्या पुढे कुणीतरी फाटक धडधडवायला लागलं.

"क्लेम! ए क्लेम!" कोझिमोचा आवाज. मंगळवार नव्हता तरी. "पडदे लावलेत अजून! मेलास का?"

क्लेमने डोळे उघडले नाहीत. "नाही," तो उशीतूनच ओरडला. "झोपलोय!"

कोझिमोने फाटकावरचा हात काढला.

"मग झोप," कोझिमो म्हणाला, आणि त्याच्या चपला फरफटत घराकडे गेल्या.